गावाला विचारलंय का?



आमच्या घराण्यात कुठलंही कार्य असो, जेवणं आटोपून मंडळी सतरंजीवर टेकली की एक विषय हमखास निघतो. "आप्पा, आपल्या गावाचं पुढं काय व्हायचं हो?" (मला घरात सगळे आप्पाच म्हणतात. शाळेत 'सर' होतो, तो भाग वेगळा.) विचारणारा बहुतेक वेळा पुण्यामुंबईत नाहीतर परदेशात असतो, आणि विचारताना त्याचा चेहरा दवाखान्यात पेशंटला भेटायला आल्यासारखा असतो!

मग दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, गावं संपली. पोरं शहरात गेली, शेती परवडत नाही, शेतकरी मुलाला कुणी मुलगी देत नाही, म्हातारी माणसं तेवढी राहिलीत. दुसरा पक्ष म्हणतो, छे, गावाला पैसा पाहिजे. रस्ता, नेट, चांगला दवाखाना, इंग्रजी शाळा आली की गाव पुन्हा भरेल.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले शंभरातले ४५ लोक शहरात राहत होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची तर लोकसंख्याच २००१ पेक्षा कमी भरली होती. त्यानंतरची जनगणना २०२१ साली व्हायची ती लांबली, पण गावातली बंद घरं मोजायला जनगणना लागत नाही. संध्याकाळी फिरायला निघालं की कुलपं दिसतातच. आणि सोयी पाहिजेत हेही खरंच. बाळंतिणीला तालुक्याला न्यायला गाडी मिळाली नाही, तर गावच्या मातीचं प्रेम काय कामाचं?

पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. कार्यात सगळे एकदम बोलतात, त्यामुळे माझं पूर्ण ऐकून कुणी घेत नाही. म्हणून आज इथं सविस्तर लिहितो. इथं मला कुणी अडवू शकत नाही!

मला वाटतं, गावाला भवितव्य आहे की नाही हे गावात किती माणसं उरली यावरून ठरणार नाही, आणि गावात किती पैसा आला यावरूनही नाही. उरलेली माणसं एका जागी बसून, एकमेकांशी बोलून, स्वतःचे निर्णय स्वतः घेतात की नाही, यावरून ठरेल. सरकारी भाषेत त्याला ग्रामसभा म्हणतात.

हसू नका. ग्रामसभा म्हटलं की कुणालाही जांभई येते, मला माहीत आहे. नोकरीत असताना मी मराठीबरोबर नागरिकशास्त्रही शिकवायचो. मार्क कमी, म्हणून पोरं तो भाग ऑप्शनला टाकायची. पुढं मोठी झाल्यावर त्यांनी गावातही तो ऑप्शनलाच टाकला.

आधी थोडं नागरिकशास्त्र सांगतो, मग मुद्द्यावर येतो. सवय जात नाही!

राज्यघटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळालं. ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले सात, नऊ, अकरा सदस्य. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीतला प्रत्येक माणूस. पंचायतीला पाच वर्षांची मुदत असते, ग्रामसभेला मुदत नाही. ती निवडून येत नाही आणि पडतही नाही. आमदारकीला, खासदारकीला आपण दुसऱ्याला पाठवतो. जिथं आपण स्वतः जाऊन बसतो आणि तोंडावर प्रश्न विचारू शकतो, अशी ही एकच सभा आहे.

आता व्यवहार बघा. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. आमच्या गावात साधारण १८०० मतदार आहेत, म्हणजे १०० पुरेत. लग्नाच्या पंगतीला हजार पान सहज उठतं, पण ग्रामसभेला १०० माणूस जमत नाही. मग सभा तहकूब होते. आणि गंमत अशी, की तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. पुढच्या तारखेला पंधरा-वीस जण जमतात, त्यांत निम्मे सदस्य आणि त्यांचे भाऊबंद. विषय वाचले जातात, "मंजूर, मंजूर" होतं, चहा येतो. राहिलेल्या सह्या शिपाई वही घेऊन घरोघर गोळा करतो. लाखा-लाखाची कामं अशी चहाच्या दोन घोटांत मंजूर झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

कुणाचं नाव मी घेणार नाही, कारण हे एकट्यादुकट्याचं पाप नव्हे. जिथं शंभर माणसं यायला तयार नसतात, तिथं पंधरा माणसं गाव चालवतातच. ते वाईट असतात असंही नाही. खुर्ची रिकामी दिसली की कोणीतरी बसतं.

आता आमच्या घरच्या विषयाकडे येतो. ही मंडळी हे वाचणार आहेत, म्हणून जपूनच लिहितो.

आमचा भाग म्हणजे सांगली जिल्ह्याचा दुष्काळी टापू, खानापूर-आटपाडीकडचा. पाऊस बेताचा, माळ भरपूर. इथली पोरं पूर्वीपासून गलाईच्या धंद्यात शिरली. सोनं-चांदी गाळायची भट्टी घेऊन केरळापासून दिल्ली-कलकत्त्यापर्यंत पसरली. कष्टानं वर आली आणि गावाला विसरली नाहीत, हे त्यांचं मोठेपण. आमच्या भागात फिरलात तर लहान लहान गावांत देखणी देवळं, सभामंडप, वेशीवर कमानी दिसतील. त्यातलं बरंचसं या बाहेर गेलेल्या पोरांच्या पैशातून उभं राहिलंय.

आमच्याही घराण्यातल्या पुतण्या-भाच्यांनी आता ठरवलंय की थोरल्या आजोबांच्या नावानं गावाच्या वेशीवर कमान बांधायची. वर्गणी जमायला लागली आहे. आराखडाही आला आहे. दगडी कमान, वर दोन हत्ती. मला विचारलं, "आप्पा, कशी वाटते?"

मी म्हटलं, कमान सुंदर आहे. गावाला विचारलंय का?

यावर सगळे गप्प झाले. मग एक जण म्हणाला, "आपण तर देतोय आप्पा, घेत नाही. देताना काय विचारायचं?"

बाळांनो, देतानाच विचारायचं असतं. घेणारा लाजेपोटी विचारतोच. देणाऱ्याला वाटतं, आपला पैसा, आपली इच्छा. पण गाव म्हणजे आपल्या घरचा दिवाणखाना नव्हे. आज तुम्ही न विचारता कमान दिलीत. उद्या दुसरं घराणं न विचारता त्याहून उंच कमान देईल. परवा तिसरा कोणी तालेवार सरपंचपदच विकत मागेल.

हे मी अतिशयोक्तीनं म्हणत नाही. २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांच्या ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या. कारण तिथं सरपंचपदाचा चक्क लिलाव पुकारल्याचं उघड झालं. पैसा कशासाठी? देवळाच्या कामासाठी! म्हणजे हेतू पुण्याचाच. पण पुण्याच्या कामासाठी गावचं मत विकायला निघालं, तर ते पुण्य कुणाच्या खात्यावर लिहायचं?

असो. आता उलट बाजू सांगतो, कारण नुसतं रडगाणं गायला मी बसलेलो नाही. माझ्या आशेला आधार आहे.

हिवरे बाजार तुम्हाला ठाऊक आहेच. अहिल्यानगर जिल्ह्यातलं (पूर्वीचं अहमदनगर) कमी पावसाचं गाव. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान हे सगळं आपण वाचलेलं असतं. पण मला त्या गावाचं सर्वांत मोलाचं काम वाटतं ते पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की गाव जमतं. किती पाऊस झाला, विहिरींत किती पाणी आहे, हे मांडलं जातं. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ठरवायचं. पाऊस कमी झाला तर पिकं कमी. शेतीसाठी बोअर मारायची नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. गृहिणी महिन्याचा किराणा काढते, तसंच हे.

हे आमच्या भागाला का सांगायचं? आमच्याकडे आता टेंभू योजनेचं पाणी आलं आहे. कऱ्हाड तालुक्यात टेंभूजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवून दुष्काळी तालुक्यांना दिलं जातं. ज्यांनी ७२ च्या दुष्काळात खडी फोडली आणि सुकडी खाल्ली, त्या पिढीला तो कालवा बघून डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही आलं. पण पाणी आल्याबरोबर उसाच्या कांड्या आल्या. खालच्या शिवारात ऊस डोलतो आणि वरच्या वस्तीवर उन्हाळ्यात हंड्यांची रांग लागते. एकाची बोअर आटली की तो आणखी खोल जातो, मग शेजाऱ्याची आटते, मग शेजारी त्याहून खोल. पाणी आणणं सरकारचं काम होतं, ते सरकारनं उशिरा का होईना केलं. पण आलेलं पाणी आपल्या शिवारात कसं वापरायचं, हे सरकार किती सांगणार? ते खालच्या शिवारानं आणि वरच्या वस्तीनं एका सतरंजीवर बसूनच ठरवायला पाहिजे. आणि नेमकी ती सतरंजीच कोणी अंथरत नाही.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं. गोंड आदिवासींचं हे लहानसं गाव. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीनं, वर्षानुवर्षं ग्रामसभा चालवली. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते आहे. २०११ साली बांबू विकण्यासाठी लागणारं वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री ते द्यायला गावात आले होते. म्हणजे आपल्याच जंगलातल्या बांबूसाठी दारोदार हिंडायचं कारण उरलं नाही.

पण शिक्षक म्हणून मला भावते ती त्यांची पद्धत. निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं. एकाला जरी पटलं नाही, तरी थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. आणि निर्णयाच्या सभेशिवाय निराळा अभ्यासगट. तिथं ठराव करायचा नाही, नुसतं समजून घ्यायचं. कायदा काय म्हणतो, हिशोब कसा वाचायचा, बाहेरून माणूस बोलवायचा, त्याला प्रश्न विचारायचे. समजल्यावर मग ग्रामसभेत ठरवायचं. आधी अभ्यास, मग परीक्षा! आपल्याकडे उलटं आहे. आपण परीक्षेलाच पहिल्यांदा पुस्तक उघडतो, आणि तेही सह्यांचं.

तुम्ही म्हणाल, आप्पा, ती आदिवासी गावं. सगळे एका समाजाचे, एकोपा असणारच. आपल्याकडे चार भावक्या, तीन पक्ष आणि दोन गणपती. जमायचं कसं?

बरं, मग आपल्या भागातलीच उदाहरणं घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातलं शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. शेकडो वर्षांची रीत, आणि ती बंद करायचा ठराव कोणी केला? गावानं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. एरवी सरकार सांगतं आणि गाव ऐकतं (किंवा ऐकल्यासारखं करतं). इथं गावानं सांगितलं आणि सरकारनं ऐकलं.

आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आल्या, आणि शाळा उघडल्या तरी मोबाईल पोरांच्या हातातून सुटेना. ऑगस्ट २०२२ पासून तिथं संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजायला लागला. दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. या निर्णयात गावच्या बायका पुढं होत्या. घरोघर जाऊन समजावण्यात अंगणवाडी सेविका आणि आशाताईंबरोबर निवृत्त शिक्षकही होते. (आमच्या बिरादरीचं नाव आलं की बरं वाटतं!) याला किती पैसा लागला? एका भोंग्याचा. कमानीवरच्या एका हत्तीत अशी कितीतरी गावं बसतील.

ही गावं काही स्वर्गातून पडलेली नाहीत. तिथंही भावक्या आहेत. हिवरे बाजारला २०२१ साली तीस वर्षांनंतर पहिल्यांदा मतदान झालं. तोवर बिनविरोध चालत होतं. पोपटरावांचंच पॅनेल निवडून आलं. काही जणांना वाटलं, अरेरे, आदर्श गावात निवडणूक! मला मात्र त्यात वाईट काही दिसलं नाही. कोणीतरी उभं राहून वेगळं म्हणतोय, मत मोजलं जातंय, हे गाव जिवंत असल्याचंच लक्षण आहे. नेता थोर असतो, पण तो कधीतरी थकणारच. त्याच्या मागं बोलणारं गाव उरलं पाहिजे, नुसता पुतळा नको.

इथं आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आमच्या पिढीतली मंडळी जुन्या गावाच्या आठवणी काढून फार हळवी होतात. पूर्वी कसं सगळं गाव एक होतं, वगैरे. कुणाचं एक होतं? पाणवठे वेगळे होते. महारवाडा, मांगवाडा गावाबाहेर होता. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ साली आलं. ते वाचलं की कळतं, बलुत्याच्या त्या गाड्यात कोण बसलेलं होतं आणि कोण ओढत होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्यांवर कडक टीका केली, संकुचितपणा आणि अज्ञानाची घरं म्हटलं. गांधीजींना खेड्यात स्वराज्य दिसत होतं. लोकांना वाटतं या दोघांतलं एकच कोणी तरी खरं असलं पाहिजे. मला तसं वाटत नाही. बाबासाहेबांनी गाव कसं आहे ते सांगितलं, गांधीजींनी कसं व्हावं ते सांगितलं. पहिलं मान्य केल्याशिवाय दुसऱ्याकडे वाट जात नाही.

म्हणून ग्रामसभा म्हणजे जुनी चावडी परत आणणं नव्हे. चावडीत बाया नव्हत्या, आणि अर्धं गाव बाहेर पायरीपाशी उभं असायचं. आजच्या ग्रामसभेत ज्याचं नाव मतदारयादीत आहे, तो आणि ती, दोघांची सतरंजी एकच. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, २०११ पासून. 'सरपंचपती' नावाचं एक घटनाबाह्य पद आपण तयार केलं आहे हे खरं, पण तेही हळूहळू जाईल. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी एक विद्यार्थिनी आमच्या शेजारच्या गावात सदस्य झाली. सुरुवातीला नवरा सही कुठं करायची ते दाखवायचा. आता ती त्याला घरी ठेवून येते.

आणि ग्रामसभा घटनेच्या वरही नाही. गावानं ठराव करून कुणाचं पाणी तोडलं, कुणाला वाळीत टाकलं, तर तो ठराव नव्हे, गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ साली स्वतंत्र कायदा केला तो त्यासाठीच. शंभर माणसं जमून चुकीचं ठरवू शकतात, हे मला मान्य आहे. पण पंधरा माणसं बंद खोलीत जे ठरवतात ते कळायलाही मार्ग नसतो. शंभरांत निदान एक जण उठून 'नाही' म्हणतो आणि तो इतिवृत्तात नोंदवायला लावतो.

आमच्या भागाला हे नवं नाही. १९४३ च्या सुमारास सातारा जिल्ह्यात (त्यात आजचा आमचा भागही आला) क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, तेव्हा गावोगावी लोकांची न्यायदान मंडळं बसत होती. तंटे तिथं मिटवले जायचे. इंग्रजांच्या राज्यात ज्यांनी स्वतःचा कारभार चालवून दाखवला, त्यांच्या नातवांना स्वतःच्या राज्यात वर्षातून चार वेळा सभेला यायला वेळ नाही! नंतरही २०००-०१ साली गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान निघालं, ते आमच्याच जिल्ह्यातल्या आर. आर. पाटलांच्या पुढाकारानं. तेव्हा गावं हातात झाडू घेऊन उतरली होती ते मला चांगलं आठवतं. बक्षीस एका गावाला मिळायचं, पण उकिरडे शेकडो गावांतले हलायचे. म्हणजे गावं एकत्र येतात. यायची सवय ठेवावी लागते, एवढंच.

आता माझ्या बाहेरगावच्या आप्तांना थेट सांगणं.

तुम्ही गावाकडे परत या, असं मी म्हणणार नाही. ज्याला जिथं भाकरी आहे तिथं त्यानं सुखानं राहावं. पण गावाला द्यायचं असेल, तर तीन गोष्टी करा.

पहिली गोष्ट, पंचायतीचा हिशोब वाचा. २०२० पासून ई-ग्रामस्वराज नावाचं सरकारी पोर्टल आहे. त्यावर आपल्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च कुणालाही बघता येतो. तुमच्यातले निम्मे कंपन्यांचे हिशोब तपासता. एक रविवार आपल्या गावचा तपासा. काही खटकलं तर आरडाओरडा नको, नम्रपणे प्रश्न लिहून पाठवा. मी तो ग्रामसभेत वाचून दाखवीन. माझा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

दुसरी गोष्ट, सुट्टी काढायचीच आहे तर जत्रेबरोबर एखादी ग्रामसभाही धरा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवसांच्या आसपास बहुतेक गावांत ती असते. ज्यांचं नाव यादीत नाही त्यांनी बोलू नये, मागं बसून ऐकावं. पण गावच्या पोरांना तुम्ही तिथं दिसलात, तर त्यांना वाटेल की ही बसण्याजोगी जागा आहे. आज पोरांना आपण बाहेरची फक्त गाडी दाखवतो.

तिसरी गोष्ट, वर्गणीचा पैसा बाजूला ठेवा आणि ग्रामसभेला पत्र लिहा. 'आमच्या आजोबांच्या नावानं एवढी रक्कम द्यायची आहे. गावाची पहिली गरज कोणती, ते आपण ठरवून कळवावं.' बस. कदाचित गाव म्हणेल, वरच्या वस्तीला पाण्याची टाकी हवी. कदाचित म्हणेल, वाडीच्या शाळेची खोली गळते. त्या शाळेचा पट वीसच्या आत आला आहे. २०२३ साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव सरकारनं मागवले, तेव्हापासून तिथल्या आयांना धास्ती आहे. पहिलीच्या पोरानं दोन मैल जायचं कसं? आणि कदाचित गाव म्हणेल, आम्हाला कमानच पाहिजे, हत्तींसकट! तसं झालं तर मी स्वतः पहिली वर्गणी देईन. कारण मग ती आपल्या घराण्याची कमान नसेल, गावाची असेल.

थोरले आजोबा शिकलेले नव्हते, पण कुणाच्या बांधाचा वाद मिटवायला बसले की दोन्हीकडचं ऐकून घेतल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत, असं माझे वडील सांगायचे. त्यांच्या नावानं काही उभं करायचंच, तर ते ऐकून घेणं उभं करावं, असं आपलं मला वाटतं.

लोक विचारतात, या वयात तुम्हाला गावाची एवढी आशा कशी? उत्तर सोपं आहे. पाऊस पाडणं आपल्या हातात नाही. बाजारभाव तर नाहीच नाही. पण सभेला जाणं, ऐकणं, विचारणं, मान्य नसेल ते शांतपणे सांगणं, हे सगळं शिकता येतं. मी आयुष्यभर शिकवण्याचाच धंदा केला. ज्या पोराला पहिलीत स्वतःचं नाव सांगताना रडू कोसळायचं, ते दहावीत स्टेजवर भाषण करताना पाहिलंय. माणसं शिकतात, वेळ लागतो इतकंच. आणि गाव म्हणजे तरी काय, माणसंच ना?

फार लांबलं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून टाइप करायला वेळ लागतो, पण बोलायला लागत नाही! घराण्यातल्या मंडळींनी रागावू नये. रागावलात तरी चालेल, पण पत्र तेवढं लिहा. ग्रामसभेची नोटीस लागली की तारीख मी सगळ्यांना कळवतो.